चौथं कडवं

"गाणं होईल. नाव होणार नाही." जनार्दन भगतांनी माझ्या टेबलावरची पितळी घंटा उचलली आणि परत आपटली. "बाई, मी स्पष्ट सांगतो. पंधरा ऑगस्टला, झेंड्याखाली, माईकवरून पाकिस्तान्याचं नाव? आणि तेही मी शाळा समितीचा अध्यक्ष असताना?"

"अध्यक्ष, गाणं त्यांनी लिहिलंय," मी म्हणाले.

"लिहिलं असेल. म्हणतं कोण? आपण म्हणतो. चाळीस वर्षं म्हणतोय. गाणं आपलं, माणूस त्यांचा."

"म्हणजे दूध आपलं आणि गाय त्यांची?"

भगतांना टोमणा कळायला जरा वेळ लागे, पण कळला की ते विसरत नसत. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "गावंड बाई, तुम्ही या गावच्या लेक आहात म्हणून ऐकून घेतो. दुसरं कोणी असतं तर पुढच्या महिन्यात पोलादपूरच्या डोंगरातली शाळा दाखवली असती. माझे मेहुणे जिल्हा परिषदेत आहेत, ते माहिती आहे ना?"

माहिती होतं. आमच्या खारमांडव्यात ते कुत्र्यामांजरांनाही माहिती होतं. भगत गेल्यावर मी घंटा जागेवर ठेवली आणि माझे हात थरथरताहेत हे माझ्या लक्षात आलं. भीतीने नव्हे. मला राग आला की हात थरथरतात, अजूनही. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, पण ही खोड काही गेली नाही.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा पंचविशीची, आमच्याच गावच्या शाळेत लागून दुसरं वर्ष. आमचं गाव खारेपाटातलं. खारेपाट म्हणजे खाडीला मातीचा बांध घालून मागे भात पिकवायचं, आणि बांध राहिला तर भात, नाही तर मीठ. उधाणाच्या भरतीला बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. "खांड गेली!" अशी हाक आली की घरटी एक माणूस धावलंच पाहिजे. लग्नाचा नवरा असला तरी. चिखलाचे गोळे हातोहात देत पुढे सरकवायचे आणि ओहोटी आहे तोवर खांड बुजवायची, कारण पुढची भरती थांबत नसते.

स्वातंत्र्य मिळालं त्याच श्रावणात आमच्या गावची मोठी खांड गेली. तेव्हा शाळेवर इब्राहीम घट्टे नावाचे तरुण मास्तर होते, गावातल्याच मुसलमान आळीतले. त्यांनी शाळा सोडून पोरं बांधावर नेली, आणि रांगेचे हात एका तालात चालावेत म्हणून तिथेच उभ्या उभ्या गाणं रचलं. खांड बुजली. भात वाचलं. तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला राष्ट्रगीत झालं की सगळं गाव हे गाणं म्हणतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या देशातच म्हणत असतील.

*हात द्या रं हाताला, गोळा द्या रं गोळ्याला*
*खाडी आली दाराशी, जाग आना आळीला*

*कुनाचा रं गोळा ह्यो, कुनाची रं माती*
*बांधावर जी बसली ना, ती बांधाचीच माती*

*उधाण जाई माघारी, पाय नका रं काढू*
*खांड बुजली का मंग, एका ताटी वाढू*

आणि मग चौथं कडवं. ते सर्वांत जोरात म्हटलं जाई. पोरं हवेत मुठी नाचवत, म्हातारे काठ्या आपटत.

*पल्याडच्या वैऱ्याला, दावू आपलं पानी*
*बांध त्याचा फोडून, बुडवू राजधानी*

शाळेच्या दर्शनी भिंतीवर हे गाणं ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, आणि खाली 'पारंपरिक' असा शब्द होता. अठ्ठेचाळीस साली मास्तरांची बायको बाळंतपणाला कराचीला माहेरी गेली होती, सासरा तिथे बंदरावर कामाला होता. मास्तर तिला आणायला गेले, तेवढ्यात दोन देशांत ये-जा करायला परवान्यांची भानगड सुरू झाली, आणि ते तिकडेच अडकले. पुढे तिथेच मास्तर झाले. गावात राहिली ती त्यांची धाकटी बहीण, रुकयाबाय. तिचं घर शाळेच्या मैदानाला लागून. तिची पडवी आणि आमचा झेंड्याचा खांब यांच्यात चार उड्यांचं अंतर.

त्या वर्षी मास्तर आले. चाळीस वर्षांनी, बहिणीला भेटायला. सोबत एक पत्र्याची पेटी, आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यात हजेरी लावल्याचा कागद. गाव दोन दिवस बघायला लोटलं, तिसऱ्या दिवशी गाव सावध झालं, आणि चौथ्या दिवशी हवालदार येऊन सांगून गेला की पंधरा ऑगस्टला मास्तरांनी मैदानात पाऊल ठेवायचं नाही.

त्याच दिवशी रुकयाबायने मला हाक मारून आत बोलावलं. मी तिच्या अंगणात वाढलेली, तिच्या हातच्या तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या खाऊन. ती कधी काही मागत नसे.

"परमिला, तू माईकवर बोलतेस ना त्या दिवशी?"

"हो, सूत्रसंचालन माझ्याकडेच आहे."

"मंग एक कर गो. गान्याच्या आदी भाईचं नाव घे. एकदाच. मी जित्ती आहे नि तो पडवीत बसलाय, तवर." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "चाळीस वरसं पोरांच्या तोंडून माझ्या भावाचं गानं ऐकते. नि गाव मलाच सांगतं, ते आपलं पारंपरिक. अरे, माझा भाऊ मेला नाय तर तुमी त्याचा पूर्वज करून टाकलात!"

मी शब्द दिला. म्हणून तर भगतांकडून ती घंटा आपटून घेतली.

भगत गेल्यावर मी पोरांना मैदानात उभं केलं आणि सराव सुरू केला. माझा आवाज चढलेला होता, पोरांनाही त्याची लागण झाली आणि ती नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणू लागली. पडवीत मास्तर खुर्चीवर बसले होते. पांढरी दाढी, पायजमा, आणि शर्टाची सगळी बटणं लावलेली. पहिल्या तीन कडव्यांना त्यांचा हात गुडघ्यावर ताल धरत होता. चौथं सुरू झालं आणि हात थांबला.

सराव संपल्यावर त्यांनी मला बोटाने बोलावलं, वर्गातल्या पोरीला बोलवावं तसं.

"हे शेवटचं कुणाचं?"

या प्रश्नाचा मी कधी विचारच केला नव्हता. "ते पण... गाण्यातच आहे ना, मास्तर?"

"माझ्या गाण्यात तीन कडवी होती. तिसऱ्यावर खांड बुजत होती, चौथ्याला सवड नव्हती." त्यांचं मराठी अगदी जुन्या पुस्तकातलं होतं, चाळीस वर्षं पेटीत घालून ठेवल्यासारखं. "चाल सुटलेली नाही. शब्द घट्ट बसवलेत. ज्याने लिहिलं तो माझ्या हाताखालून गेलेला आहे. पण मुली, एक सांग. हा माणूस खारेपाटातलाच ना?"

"असणारच. का?"

"मग बांध फोडायची भाषा त्याच्या तोंडी आली कशी?"

 आमच्याकडे भावाभावांत कोयते निघतात, आईबहिणीवरून शिव्या निघतात, पण 'तुझा बांध फोडीन' असं कोणी म्हणत नाही. रागातसुद्धा नाही. ज्याने एकदा तसं म्हटलं त्याच्या घरी पुढे कोणी पाणी पीत नसे. आणि दर पंधरा ऑगस्टला आम्ही सगळे तेच मुठी नाचवून म्हणत होतो, पोराबाळांसकट, आणि पाकिस्तानचा बांध तो काय बांध, अशा थाटात. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. म्हणून मी घरी गेले ती चिडूनच.

माझे वडील, चांगा गावंड, ओट्यावर जाळं विणत बसले होते. सत्तेचाळीस साली ते पंधरा वर्षांचे होते आणि रांगेत मास्तरांच्या शेजारी उभे होते. मास्तर आल्यापासून सारं गाव भेटून आलं, पण हे गेले नव्हते. गुडघा दुखतो म्हणत होते.

"बाबा, चौथं कडवं कोणी लिहिलं?"

त्यांच्या हातातली सुई थांबली. "कशाला इचारतंस?"

"मास्तर विचारत होते. म्हणाले, माझ्या हाताखालचा पोर आहे."

बाबांनी जाळं बाजूला ठेवलं.  "वळखलं का त्यांनी," ते म्हणाले. "वळखनारच."

"तुम्ही?"

"एकाहत्तर साल होतं. लढाई चालू. खिडक्यांना काळे कागद लावलेले. भगताचा बापूस तवा सरपंच. तो बोलला, पाकिस्तानात पलालेल्याचं गानं आपल्या शाळंत कशाला? पुसून टाका. दुसऱ्या दिशी रुकयाबायच्या दाराला कोनी डांबर फासलं. मी मनात बोललो, थांबा, गानं आपलं हाय, दाखवतो तुमाला. नि कोनाला न सांगता रातचं भितीवर लिवलं. नि भितीवरचं मास्तरांचं नाव मीच पुसलं, माझ्या हातानं." त्यांनी वर बघितलं. "गानं वाचलं ना? रुकयाबायला परत कोनी हात लावला का? सांग ना!"

"वाचलं?" माझा आवाज फाटला. "मास्तरांच्या तोंडी त्यांच्याच पोरांना बुडवायची भाषा घातलीत, आणि म्हणता वाचवलं? आणि वर पारंपरिक! स्वतःचं नाव लिहायचं होतंत ना!"

"कोनाला सांगू का बांध फोडायचं मी लिवलं?" बाबा ओरडले. "कोन पानी पील माझ्याकडं?"

आई आतून धावत आली. आमच्या घरात बाबा कधी ओरडत नसत, ते काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी, चौदा तारखेला, दुपारची शाळा सुटल्यावर मी बाबांना म्हटलं, "चला." का कोण जाणे, ते निघाले. पाय धुतले, टोपी घातली, वेलावरच्या दोन काकड्या तोडून पंचात बांधल्या. रुकयाबायच्या अंगणात येईपर्यंत गुडघा दुखल्याचं काही दिसलं नाही.

मास्तरांनी त्यांना बघितलं आणि म्हणाले, "चांगा हसुराम. हातपाय बघ केवढे झालेत. उभा राहा."

पंचावन्न वर्षांचा माझा बाप टोपी काढून उभा राहिला.

"म्हण ते कडवं."

"मास्तर..."

"म्हण. लिहिलंस ना? मग म्हण."

बाबांनी म्हटलं. चाल न लावता, पाढे म्हणावेत तसं. शेवटच्या ओळीला ते अडकले. रुकयाबाय दाराच्या चौकटीत उभी राहून ऐकत होती. ते कडवं कोणाचं हे तिलाही ठाऊक नव्हतं, आणि सोळा वर्षं त्याच्या आडोशाने ती गावात राहिली होती.

"बांध फोडायचं मी तुला शिकवलं का रे?"

"नाय मास्तर. भ्यालो मी."

 मास्तर हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "बस खाली. आता माझं ऐक. कराचीत आमच्या कोकणी लोकांची एक वस्ती आहे. चौदा ऑगस्टला तिथल्या शाळेत मी हेच गाणं म्हणून घेतो. आज सकाळी झालं असेल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "हेच? आमचं?"

"माझं," मास्तर म्हणाले. "तिथे तीस-पस्तीस वर्षं म्हणतात. तिथल्या लोकांना वाटतं ते त्यांचं. त्यांचं का नसावं? लिहिणारा त्यांच्यात राहतो. मग एकाहत्तरची लढाई आली. शेजारचे लोक म्हणाले, हा दुश्मनाच्या भाषेत पोरांना काय शिकवतो? दोन रात्री माझ्या दारासमोर माणसं उभी होती. माझ्या घरात तीन मुली. तिसऱ्या दिवशी मी त्यांना समजेल अशा भाषेत एक कडवं जोडलं."

बाबांचा चेहरा बदलत चालला होता. "काय जोडलंत? बोला ना, मास्तर. माझं ऐकलंत, आता तुमचं बोला."

मास्तरांनी डोळे मिटले आणि त्याच चालीत, बारीक आवाजात म्हटलं,

*उस पार के दुश्मन का, हर बाँध गिरा देंगे*
*खारे पानी में उसकी, हर फ़सल मिला देंगे*

 मग बाबा उठले. त्यांना मी इतकं चिडलेलं ना आधी पाहिलं ना नंतर.

"मी तुमची राजधानी बुडवली. ती कशी असतं ते मना म्हाईत बी नाय. मी उगाच हवेत मारलं! तुमी काय बुडवलंत, मास्तर? फसल! खाऱ्या पान्यात! कोनाची ती? तुमाला दुसरी कुटली फसल म्हाईत होती? हीच ना? माझ्या बापाची! रुकयाबायची!" ते थरथर कापत होते. मला ती खोड कुठून आली ते मला त्या दिवशी समजलं. "परमिला, उद्या यांचं नाव घेतलंस तर घरात पाय ठेवू नको."

काकड्या पंचासकट तिथेच टाकून ते निघून गेले.

आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. या माणसासाठी मी भगतांशी भांडले? इथे सोळा वर्षं त्यांच्या नावावर अन्याय झाला म्हणून मी तळमळते, आणि हे तिकडे पोरांकडून आमचे बांध पाडून घेतात! मी मास्तरांना तोंडावर म्हटलं, "मग तुमचं नाव तिथेच घ्या. इथे कशाला?"

"मी मागितलं नाही," मास्तर म्हणाले. "मी फक्त ऐकायला आलो होतो." आणि उठून आत गेले.

मी अंगणात चपला शोधत होते, तेवढ्यात रुकयाबाय माझ्यामागे आली. तिचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही.

"शब्द मला दिलावतास का त्याला?"

"तुला. पण रुकयाबाय, त्यांनी काय लिहिलंय ते ऐकलंस ना?"

"तुझ्या बापसानं लिवलं ते भीतीनं, नि माझ्या भावानं लिवलं ते पापानं? का गो? तो पल्याड राहतो म्हनून?" तिने माझी दुसरी चप्पल पायाने माझ्याकडे सरकवली. "भगत पन हेच बोलतो. तुझ्यात नि त्याच्यात काय फरक राहिला तो सांग, नि मंग जा."

मी चप्पल पायात सरकवली आणि आणखीच चिडून गेले.

घरी बाबा न जेवता झोपले होते. मी कूस बदलत राहिले. राग कोणाचा करावा हेच ठरेना. भगतांचा केला तर बाबा आडवे येत, बाबांचा केला तर मास्तर, मास्तरांचा केला तर रुकयाबाय. पण पहाटे अंगण झाडताना मला एक गोष्ट पटली. ही दोन्ही कडवी भीतीने लिहिली गेली, पण आमचं सोळा वर्षं मुठी नाचवत म्हटलं गेलं ते खाली नाव नव्हतं म्हणून. खाली नाव नसलं की माणूस काहीही म्हणतो. सगळं गाव म्हणतं. वैरी कोण, बांध कुणाचा, कोणी विचारत नाही. पारंपरिक म्हटलं की कोणाच्या बापाचं काही जात नाही. आणि इथे तर बाप माझा होता.

पंधरा ऑगस्टला मैदान गच्च भरलं. भगत खादीची टोपी घालून पहिल्या खुर्चीवर. हवालदार चहा पीत उभा. बाबा म्हाताऱ्यांच्या घोळक्यात, माझ्याकडे न बघता. पडवीत मास्तर खुर्चीवर, आणि त्यांच्या पायाशी रुकयाबाय, डोक्यावर धुतलेला पदर. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं. मास्तर त्या वेळी उभे राहिलेले मी पाहिले.

मी माईक हातात घेतला. 

"आता आपलं गाणं," मी म्हणाले. "हे गाणं पारंपरिक नाही. पहिली तीन कडवी इब्राहीम मास्तर घट्टे यांनी लिहिली. ते समोर बसलेत. चौथं कडवं, बांध फोडायचं, माझ्या वडिलांनी लिहिलं. चांगा हसुराम गावंड. तेही समोर उभे आहेत. ज्याला जे म्हणायचं त्याने ते त्यांच्याकडे बघून म्हणावं."

भगत खुर्चीवरून अर्धवट उठले, पण तोवर ढोलकीवर थाप पडली होती आणि पोरांनी सुरुवात केली होती. गाणं सुरू झाल्यावर आमच्या गावात कोणी मध्ये बोलत नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. *कुनाचा रं गोळा ह्यो, कुनाची रं माती.* म्हातारे आता पडवीकडे बघत होते. तिसरं झालं.

चौथ्याला ढोलकी वाजत राहिली आणि आवाज निघेना. पोरं मोठ्यांकडे बघायला लागली. मोठे माझ्या बापाकडे. मुठी वर गेल्या होत्या त्या कोणी केस खाजवायला वापरल्या, कोणी टोपी सारखी करायला. समोर खुर्चीवर एक म्हातारा आणि त्याच्या पायाशी त्याची बहीण, त्यांच्या डोळ्यांत बघून बांध फोडायचं म्हणणार कोण? बाबा मान खाली घालून उभे होते. एवढा मोठा माणूस एवढासा झालेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मीच त्याला तसं उभं केलं होतं. मी रागाने पेटले होते, तरी ते मला बघवेना.

तेवढ्यात पडवीतून आवाज आला. म्हातारा, बारीक, पण सुराला पक्का.

*पल्याडच्या वैऱ्याला, दावू आपलं पानी*

मास्तर उभे होते. पडवीच्या खांबाला धरून, हवालदाराने आखून दिलेल्या हद्दीच्या आत राहून, ते माझ्या बापाचं कडवं म्हणत होते. एक शब्द न चुकता. *बांध त्याचा फोडून, बुडवू राजधानी.* वर्गात एखादा पोर अडकला, तर मास्तर जसे त्याच्यासाठी ओळ पुरी करतात, तशी त्यांनी ती पुरी केली, आणि बसले.

 मग भगत उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. "बघा! बघा! पाकिस्तान्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं! भारतमाता की जय!" आणि मैदानाला कंठ फुटला. टाळ्या, शिट्ट्या, जयजयकार. मघाशी ज्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता ते आता काठ्या आपटत होते. भगत आजही ही गोष्ट लग्नाकार्यात सांगतात. त्यांच्या गोष्टीत आमच्या गावाने एका पाकिस्तान्याला पंधरा ऑगस्टला पाकिस्तान बुडवायला लावलं. ऐकणारे पोट धरून हसतात. मी तिथे असले तर ताट सोडून उठते.

भगतांच्या गोष्टीत पुढचं येत नाही, कारण तेव्हा ते टाळ्या वाजवत होते. बाबा घोळक्यातून निघाले. मैदान आडवं तुडवत पडवीकडे गेले, आणि टोपी हातात घेऊन मास्तरांच्या समोर उभे राहिले. मी मागोमाग धावले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी जवळ जाईपर्यंत मला कळलं नाही. मास्तरांनी त्यांचं कडवं पुरं केलं होतं. आता शिष्य मास्तरांचं कडवं पुरं करायला आला होता. तिथे, झेंड्यासमोर, हवालदाराच्या कानाशी.

"उस पार के..." बाबांनी सूर लावला. मोठ्याने लावला.

रुकयाबाय ताडकन उठली आणि तिने आपला पंजा बाबांच्या तोंडावर दाबला. दुसऱ्या हाताने त्यांचं मानगूट धरलं. चाळीस वर्षांत तिने गावातल्या कोणा परपुरुषाला बोट लावलं नव्हतं.

"गप," ती म्हणाली. "गप, चांगा. त्याला सोमवारी जायाचं हाय. तुला नि मला हितं राहायचं हाय."

मागे टाळ्या चालू होत्या. तिने हात काढला नाही.